करवतीचं इंजिन विमानाला लावताना

इंदूरच्या पलासिया भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. माहेर निपाणीकडचं, त्यामुळे आजीशी कन्नड, आईवडिलांशी मराठी आणि आता वीस वर्षं दारातल्या भाजीवाल्याशी हिंदी. आपला अंक वाचून झाला की त्यांच्या वहिनी तो पोस्टानं तिकडे पाठवतात. पत्र तीन पानी आहे, मुद्दा एकच. मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. लहानपणापासून थर्मोकोलची, बॅटरीवर उडणारी विमानं करतो. आता त्यानं भंगारातून लाकूड कापायची जुनी चेन सॉ आणली आहे आणि तिचं इंजिन काढून अडीच मीटर पंखांचं विमान उडवणार म्हणतो. ताई विचारतात, असं खरंच होतं का? स्वस्त पडतं का? आणि हाताला धोका किती? तिसऱ्या प्रश्नाखाली दोन रेघा मारल्या आहेत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. होतं, आणि जगात पन्नासएक वर्षं होत आलं आहे. नुसती मॉडेलंच नव्हेत, माणसंही या इंजिनांवर उडाली आहेत. फ्रान्समध्ये मिशेल कोलोंबान यांनी क्रि-क्रि नावाचं एका माणसाचं चिमुकलं विमान बनवलं. ते १९७३ साली पहिल्यांदा उडालं, तेव्हा त्याच्या नाकावर रोवेना कंपनीची, करवतीच्या जातीची, नऊ-नऊ अश्वशक्तीची दोन इंजिनं होती. कॅनडातलं लेझेर हे हलकं विमान १९७८ साली उडालं ते पायोनियर चेन सॉच्या दोन इंजिनांवर. प्रत्येकाची ताकद साडेपाच अश्वशक्ती, म्हणजे आपल्याकडच्या विहिरीवरच्या मोटरीएवढी. तेव्हा पोरगा काही अघटित बोलत नाही.

मॉडेलवाल्यांच्या दुनियेत ही लाट १९७०च्या दशकाच्या शेवटी आली. तोवर मॉडेल विमानांची इंजिनं लहान, बहुतेक दहा सीसीपर्यंतची. त्यांना पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल, तेल आणि थोडं नायट्रोमिथेन असं मिश्रण लागतं, आणि ते महाग. विमान मोठं करायचं तर इंजिन मोठं हवं, आणि तसं इंजिन दुकानात मिळत नव्हतं. मग लोकांची नजर अंगणातल्या लाकूडकापीकडे आणि गवतकापीकडे गेली. क्वाड्रा हे ३५ सीसीचं इंजिन त्या काळात गाजलं. जपानची झेनोआ कंपनी मुळात करवती आणि गवतकापणीची यंत्रं करणारी. तिनं पुढे मॉडेलसाठीच जी-२३, जी-३८, जी-६२ अशी इंजिनं काढली. नावातला आकडा म्हणजे सीसी. अमेरिकेत मोठ्या मॉडेलवाल्यांची वेगळी संघटनाच उभी राहिली. तिच्या व्याख्येप्रमाणे एकपंखी विमान ऐंशी इंच, म्हणजे सुमारे दोन मीटर, पंखांचं असेल तरच ते ‘जायंट’.

आपल्या भागातल्या वाचकांना यात नवल वाटू नये. एकच ऑइल इंजिन पट्टा बदलून सकाळी विहिरीवर, दुपारी पिठाच्या गिरणीला आणि हंगामात गुऱ्हाळाच्या चरकाला, हे घटप्रभेपासून पंचगंगेपर्यंत कुणी पाहिलं नाही? किर्लोस्करांचं सगळं गणगोत ज्या बेळगावच्या सायकलच्या दुकानातून १८८८ साली सुरू झालं, ते गाव आपलंच. एका कामाचं यंत्र दुसऱ्या कामाला लावणं आपल्या रक्तात आहे. मात्र ऑइल इंजिनाला गिरणी जोडताना मधे पट्टा असतो. इथे पंखा थेट इंजिनाच्या दांड्यावर बसतो. सगळा फरक तिथून सुरू होतो.

आधी एक शब्द साफ करून घेऊ. घरी मुलं ‘चेन सॉ’ म्हणतात, आजी ‘गरगस’ म्हणेल, कोकणात नारळ-फणस तोडणारे नुसतं ‘मशीन’ म्हणतात. तिघांचं म्हणणं एकच. मी इथे करवत म्हणतो.

करवतीचंच इंजिन का? स्कूटरचं का नको? स्कूटरचं इंजिन जड असतं आणि त्याचा कार्ब्युरेटर सरळ उभा राहिला तरच चालतो. आत पेट्रोलची छोटी वाटी आणि तीत तरंगणारा फ्लोट असतो. गाडी आडवी पडली की पेट्रोल सांडतं, इंजिन बंद. लाकूडतोड्याला मात्र करवत आडवी धरावी लागते, कधी उलटीही. म्हणून करवतीच्या कार्ब्युरेटरमध्ये वाटी नसते. एक पातळ रबरी पडदा असतो. क्रँककेसमधल्या दाबाच्या धक्क्यांवर दुसरा पडदा पंपासारखा हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. विमान गिरकी घेऊन पाठीवर गेलं तरी इंजिन आपलं चालूच. लाकूडतोड्याच्या सोयीसाठी केलेली गोष्ट वैमानिकाच्या उपयोगी पडली. शिवाय करवत दिवसभर हातात धरायची असते, म्हणून इंजिन हलकं, सिलिंडर ॲल्युमिनियमचा, क्रँककेस बहुधा मॅग्नेशियमची. क्रँकला दोन्ही बाजूंनी बेअरिंग. गवतकापणीच्या काही स्वस्त इंजिनांत क्रँक एकाच बाजूनं धरलेला असतो. तो पंख्याचा झोल फार दिवस सोसत नाही. पोरानं गवतकापी न आणता करवत आणली, हे बरं केलं.

आता खरं काम. करवतीतून काय काय निघतं ते ऐका. साखळी आणि तिची पट्टी, साखळीला तेल पाजणारा पंप, क्लच, मूठ, ब्रेक, प्लास्टिकचं सगळं आवरण आणि दोरीचा स्टार्टर. उरतं ते मुठीत मावणार नाही पण ओंजळीत मावेल एवढं इंजिन. चाळीस-पन्नास सीसीचं असेल तर मफलर, पंख्याचा हब आणि बैठक धरून दोन किलोच्या आसपास.

क्लच काढताना हमखास चूक होते. त्याचे आटे उलटे असतात. नेहमीच्या नटासारखं सोडवायला गेलं तर आणखी आवळतं आणि हातोडा घेतला की क्रँक वाकतो. उलटे आटे असण्याचं कारण गमतीदार आहे, आणि पुढच्या कामाला ते कळायलाच हवं. क्लचच्या बाजूनं बघितलं तर करवतीचं इंजिन घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं. आता विमानाचा नेहमीचा पंखा समोरून बघताना काट्यांच्या उलट फिरायला हवा. म्हणजे क्लचच्या बाजूला पंखा लावला तर बाजारातला साधा पंखा हवा मागे न ढकलता पुढे ढकलेल! तिथे उलट्या हाताचा पंखा शोधावा लागतो. म्हणून जाणते लोक पंखा दुसऱ्या बाजूला, फ्लायव्हीलकडे लावतात. तिकडून बघितलं की दिशा आपोआप बरोबर येते. झेनोआच्या इंजिनांतही फ्लायव्हील पुढेच असतं.

फ्लायव्हील मात्र तसंच ठेवून भागत नाही. करवतीत त्याच्यावर पाती ओतलेली असतात. ती वारा ढकलून सिलिंडर थंड ठेवतात. विमानात पुढचा पंखाच वारा देतो, मग ती पाती नुसतं वजन आणि ताकदीला खार. लेथवर धरून ती उतरवायची, पण ज्या लोहचुंबकावर ठिणगी पडते तो ठेवायचा, आणि चुंबक एका अंगाला असल्यामुळे समतोलासाठी समोरचं वजनही ठेवायचं. हे काम घरच्या कानशीनं होत नाही. चांगला टर्नर हवा. इंदूरला सियागंज-लोहामंडीच्या आसपास असा माणूस मिळेल. आपल्याकडे बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका हाकेवर मिळतो. पंख्याचा हबही त्यानंच करायचा, क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसणारा आणि लांबीला आखूड. हब जितका लांब तितका पंखा क्रँकला वाकवतो. मध्यापासून केसभर जरी सरकला, तरी मिनिटाला सात हजार फेऱ्यांना त्या केसाचा हातोडा होतो. मग एकेक करून स्क्रू सुटतात, लाकडी सांधे उलतात, सर्व्होच्या तारा तुटतात. मोठी मॉडेलं ताकद कमी पडून क्वचितच पडतात. ती पडतात ती थरथरीनं.

ताकदीचा हिशोबही सांगून ठेवतो, कारण करवतीच्या खोक्यावरचा आकडा वाचून पोरं हुरळतात. करवत नऊ-दहा हजार फेऱ्यांना आपली पूर्ण ताकद देते. विमानाचा मोठा पंखा तितक्या वेगानं फिरवायचाच नसतो. वीस इंची पंखा सात हजार फेऱ्यांना फिरला तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ६७० किलोमीटर होतो. बारा हजारांना तो आवाजाच्या वेगाजवळ जाईल, नुसता किंचाळेल आणि ओढणार काहीच नाही. शिवाय फेऱ्या सातावरून आठ हजारांवर न्यायच्या तर ताकद जवळजवळ दीडपट लागते. म्हणून करवतीचे तीन अश्वशक्ती विमानात दोनच्या आसपास भरतात. त्यात इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, हवा थोडी विरळ, आणखी पाचएक टक्के गेले. बेळगावला सात. तरीही आठ-नऊ किलोचं विमान उचलायला हे पुरेसं आहे.

आता दोन रेघांचा प्रश्न.

मघाचा आकडा परत वाचा, ताई. ताशी ६७० किलोमीटर. फिरताना पंखा दिसत नाही, नुसती धुरकट तबकडी दिसते, आणि डोळ्याला वाटतं तिथे काही नाहीच. बॅटरीचं लहान विमान बोटाला जखम करतं. हे इंजिन बोट ठेवत नाही. आणि सगळ्यात वाईट क्षण उडतानाचा नसतो, सुरू करतानाचा असतो. करवतीची ठिणगी वेगात फिरण्यासाठी बेतलेली, म्हणजे पिस्टन वर पोचण्याच्या बरीच आधी पडते. दोरीनं जोरात ओढलं तर चालून जातं. पण दोरीचा स्टार्टर काढला आणि पंखा हातानं फिरवायला गेलं, की हात हळू आणि ठिणगी लवकर; इंजिन उलटं उसळतं आणि पंखा बोटांवर येतो. यावर उपाय आहे. सुरू होताना ठिणगी उशिरा टाकणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन मिळतं, ते घ्यावं. किंवा मागच्या बाजूला दोरीचा स्टार्टर ठेवावा. शंभरेक ग्रॅम वजन वाढेल. वाढू दे.

आमच्याकडे एक सुतारमेस्त्री शिकाऊ पोराच्या हातात रंधा देताना म्हणायचे, ‘नीनु माडु, आदरे कै जोपान.’ कर तू, पण हात सांभाळ. तेवढंच म्हणून ते थांबत नसत. पहिले पंधरा दिवस शेजारी उभे राहत. इथेही तसंच हवं. विमान दोरीनं मागून खुंटीला बांधलेलं, दुसरा माणूस शेपटी धरून, आणि पंख्याच्या फिरण्याच्या रेषेत कुणीही नाही, कारण पातं तुटलं तर त्याच रेषेत उडतं. जाड हातमोजा. सैल बाह्या, गळ्यातला मोबाइलचा पट्टा, ओढणी काहीही नको. सुई फिरवायची तर मागून, पुढून हात घालून नाही. पंखा लाकडी, चीर असली की फेकून द्यायचा, चिकटवून वापरायचा नाही. आणि ठिणगी तोडणारं बटण दोन ठिकाणी हवं: एक विमानावर हाताला येईल असं, एक रिमोटवर. करवतीच्या मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, त्यामुळे रिसीव्हरची बॅटरी संपली तरी इंजिन चालूच राहतं. माणसाचा ताबा सुटलेलं चालू इंजिन म्हणजे काय ते सांगायला नको. त्या ठिणगीचा त्रास रिसीव्हरलाही होतो. दोहोंत निदान फूटभर अंतर ठेवावं, आणि कार्ब्युरेटरपर्यंत जाणारी काडी धातूची नको, लाकडाची किंवा प्लास्टिकची.

पलासियाच्या फ्लॅटमध्ये किंवा गच्चीवर हे इंजिन एकदाही सुरू करायचं नाही, एवढी अट मात्र तुम्ही घालाच. शेजारी आवाजाला रागावतील हे सोडा. गच्चीवर पळायला जागा नसते.

स्वस्त पडतं का? खरं सांगायचं तर नाही. पूर्वी पडायचं. १९८०च्या सुमारास तयार मोठं इंजिन दुर्मीळ होतं तेव्हा करवत मोडण्यात शहाणपण होतं. आता चीनमध्ये खास मॉडेल विमानांसाठी तीस, पस्तीस, पंचावन्न सीसीची पेट्रोल इंजिनं बनतात, इलेक्ट्रॉनिक इग्निशनसकट येतात, आणि ती हलकीही असतात. भंगारातली करवत, टर्नरची मजुरी, हब, इग्निशन, दोनदा बिघडलेला फ्लायव्हील असा हिशोब मांडला तर फरक फारसा उरत नाही. फक्त उडवायचंच असेल त्यानं तयार इंजिन घ्यावं. ज्याला इंजिन समजून घ्यायचं आहे त्यानं करवत उघडावी. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात वर्कशॉपमध्ये काय शिकवतात आणि किती, ते आपण जाणतो. पिस्टन, पोर्ट, बेअरिंग, टेपर, समतोल हे सगळं या एका ओंजळीत आहे. माझं मत विचाराल तर ते शिकायला मिळत असेल तर विमान उडालं नाही तरी चालेल.

विमान कोणतं करावं, हेही पत्रात आहे. मुलाला लढाऊ विमान हवंय. नको. पहिलं मोठं विमान वरच्या पंखांचं, संथ, माफ करणारं असावं. पायपर कब हे जुनं शिकाऊ विमान जगभर याचसाठी निवडतात. मूळचं पावणेअकरा मीटर पंखांचं, चौथ्या हिश्शानं केलं की दोन मीटर एकोणसत्तर सेंटीमीटर होतं, नेमकं या इंजिनाच्या मापाचं. दुसऱ्या खेपेला मात्र मी आपलं एचटी-२ सुचवेन. बेंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात डॉ. वि. मा. घाटगे यांनी आखलेलं हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. घाटगे हे जर्मनीत गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले. मराठी माणसानं कन्नड मुलखात भारताचं पहिलं स्वतःचं शिकाऊ विमान घडवलं आणि वायुदलाचे कितीतरी वैमानिक त्यावर शिकले, हे आपल्या दोन्ही भाषांच्या घरांत फारसं सांगितलं जात नाही. त्याचेही पंख पावणेअकरा मीटरच्या आसपासच आहेत.

उडवायचं कुठे, हे ठरवायला कायदा आहे. २०२१च्या ड्रोन नियमांत अशी विमानंही येतात. पंचवीस किलोपर्यंतचं, छंदासाठी किंवा शिकण्यासाठी, डोळ्यांसमोर उडवलेलं असेल तर त्याला नमुन्याचं प्रमाणपत्र लागत नाही. पण नोंदणी आणि चालवणाऱ्याचा परवाना यांच्या अटी वजनाप्रमाणे बदलतात, आणि हे विमान दोन किलोंच्या कितीतरी वर असणार, तेव्हा ते आधी बघून घ्यावं. विमानतळाच्या भोवतालच्या बारा किलोमीटरांत मर्यादा आहेत आणि इंदूरचा विमानतळ शहराला लागूनच. बाकी मोकळ्या भागात चारशे फुटांच्या खाली. सरकारच्या संकेतस्थळावर हिरवे, पिवळे, लाल पट्टे दाखवणारा नकाशा आहे. कॉलेजात एनसीसीची हवाई शाखा असेल तर मुलानं तिथे जावं. त्यांच्या वायुसैनिक शिबिरात मॉडेल विमानांच्या स्पर्धा असतात आणि शिकवणारी माणसंही भेटतात. एकट्यानं शिकण्याचा हा छंद नव्हे.

राहिलं इंधन. यात आपला ऊस येतो. २०२५ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल वीस टक्क्यांवर पोचलं, आणि त्यातलं पुष्कळ आपल्याच कारखान्यांतून जातं. शेतकऱ्याला ते चांगलं. पण जुन्या करवतीच्या कार्ब्युरेटरमधला रबरी पडदा आणि पेट्रोलची नळी इथेनॉलनं फुगते, कडक होते, कधी तडकते. भंगारातून आणलेल्या इंजिनात पडद्यांचा संच नवाच घालावा, तो करवतीच्या कोणत्याही दुरुस्तीवाल्याकडे मिळतो. लहान विमानांची सिलिकॉनची नळी पेट्रोलला चालत नाही, पेट्रोलचीच नळी घ्यावी. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळ पडतं, म्हणून मोठी सुई जराशी जास्त उघडी ठेवावी. पातळ मिश्रणावर टू स्ट्रोक इंजिन आधी जोरात पळतं, सगळे खूश होतात, आणि मग पिस्टन सिलिंडरला चिकटतो. तेल टू स्ट्रोकचंच, सुरुवातीच्या दोन-चार टाक्या लिटरला चाळीस मिली, नंतर पंचवीस. उरलेलं मिश्रण महिनाभर कॅनमध्ये ठेवू नये. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतं. पावसाळ्यात तर नाहीच. अर्धा लिटर टाकीत सुमारे पंधरा मिनिटं होतात, तेव्हा त्या दिवसापुरतंच मिसळावं.